फोटो चांगला नाही आला

शनिवार, २ नोव्हेंबर

खटका म्हणाला लिही, म्हणून लिहितोय.

खटका म्हणजे बाजारामागच्या गल्लीतला कॅमेरे दुरुस्त करणारा म्हातारा. कुठलाही कॅमेरा हातात आला की आधी कानाला लावून बटण दाबतो आणि आतला खटका ऐकतो, म्हणून सगळे त्याला खटकाच म्हणतात. अर्धा बहिरा आहे, तरी ऐकतो. मी आज कॅमेरा विकायला घेऊन गेलो होतो.

"का विकतोस?"

"काढावंसं वाटत नाही."

"काय?"

"फोटो!" मी कानात ओरडलो. शेजारचा चपलांचा दुकानदार दचकून बघायला लागला.

खटका म्हणाला, वर्ष संपेपर्यंत थांब. रोज एक फोटो काढ. ज्या दिवशी काढणार नाहीस त्या दिवशी का नाही काढला ते लिहून ठेव. कारणं लिहिताना आपलीच आपल्याला लाज वाटायला लागते, मग माणूस काढतो. आणि तरीही नाहीच वाटलं तर आण, घेतो मी.

बाबा म्हणतात माझं काही टिकत नाही. खोटं नाही. शाळा टिकली नाही, वायरमनचा कोर्स टिकला नाही, ट्रकवर क्लीनर होतो तेही अर्ध्यात सोडलं. जिथे जरा जड झालं तिथून मी निघालो. हातात एवढा कॅमेराच राहिलाय. हाही सुटला तर मग मी नक्की कोण, याचं उत्तर माझ्याकडे नाही. घरी परत येऊन बरेच दिवस झाले, अजून कोणी विचारलेलं नाही, पण विचारतील.

आजचा फोटो: चपलांच्या दुकानातलं मांजर. हललं.

रविवार, ३ नोव्हेंबर

काढला नाही. कारण: पुलाकडे निघालो होतो. वाटेत एका दाराशी कुलूपवाला बसलेला आणि घराची मालकीण त्याच्या डोक्यावर उभी. किल्ली आत, बाई बाहेर, आणि आत चुलीवर दूध. सगळी गल्ली जमली. करपल्याचा वास यायला लागला तशी बाई आणखी बोलायला लागली. कुलूपवाला म्हणाला, "बाई, जरा गप्प राहा. कुलूप काय म्हणतंय ते मला ऐकू येत नाहीये." दार उघडेपर्यंत मी हललो नाही. घरी आल्यावर लक्षात आलं, एवढा वेळ कॅमेरा गळ्यातच होता.

बुधवार, ६ नोव्हेंबर

सोमवारी सायकलचं चाक. मंगळवारी दोरीवरचे कपडे. काढताना बरे वाटतात, बघताना जांभई येते.

आज बाबा सकाळी कामावर गेले नाहीत, दुपारी गेले. हा खाडा करणारा माणूस नव्हे. दगड कापायच्या कारखान्यात ते माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत. पायऱ्या, फरशा, ओट्याचे दगड. तापातसुद्धा जातात. जेवताना मी आईला विचारलं, "सकाळी कुठे गेले होते?"

आईचा वाढता हात थांबला. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा ताटाकडे पाहत होते.

"फोटो काढायला," आई म्हणाली.

"कसला फोटो?"

"कामावर मागितलाय."

"ओळखपत्राला? अगं मग मी काय मेलो होतो? घरात कॅमेरा आहे, घरात माणूस आहे, आणि तुम्ही बाहेर जाऊन काढून येता?"

"तुझ्या कॅमेऱ्यात नाही येत तसला."

झालं. ट्रकवर असताना शिव्या खाल्ल्या, त्या अंगाला लागल्या नाहीत. हे लागलं. बाबा खोकत उठले आणि हात धुवायला गेले. पाठमोरे खांदे हलत होते. हसू दाबत असतील.

काढला नाही. कारण वर लिहिलंय.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

राहवलं नाही, सकाळी विचारलंच. "कसा काढला त्याने फोटो?"

बाबा बुटात पाय घालत होते. "कसा म्हणजे? उभं केलं. श्वास धरा म्हणाला. धरला. सोडा म्हणाला. झालं."

श्वास धरा! मी हे खटक्याला जाऊन सांगितलं, म्हटलं असले कसले फोटोवाले अजून जिवंत आहेत. खटका मात्र खूश झाला. म्हणाला, पूर्वी स्टुडिओत असंच करायचे. उजेड कमी, वेळ जास्त लागायचा, माणूस हलला की गेला. "जुन्या वळणाचा दिसतोय. भेटून ये त्याला, शिकशील काहीतरी."

म्हणजे आता खटकासुद्धा त्याच्याच बाजूने.

फोटो: खटक्याचे हात, पेचकसासकट. बरा आलाय.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

तो फोटो घरी आला. कपाटावर तपकिरी पाकीट आहे, चांगलं मोठं, खिडकीच्या काचेएवढं. ओळखपत्राला एवढा कशाला? हौस आली असेल मोठा करून घ्यायची. मी पाकिटाला हात लावलेला नाही. दाखवायचा असेल तर दाखवतील.

संध्याकाळी आई मावशीशी फोनवर हळू बोलत होती. मी बाहेर चप्पल शिवत बसलो होतो, ऐकू आलं. "फोटो चांगला नाही आला गं. पांढरं आलंय मध्ये. आता मोठ्या मशीनवर काढा म्हणतात, शहरात."

मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. जुन्या वळणाचा म्हणे. मध्ये पांढरं येणं म्हणजे एक तर उजेड शिरला, नाहीतर धुलाई चुकली. मी आईला म्हणालो, "त्याच्याकडून पैसे परत मागा." आई माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या बाबांचा डबा तू नेऊन देशील?"

बुधवार, १३ नोव्हेंबर

काढला! एक नाही, मोजले नाहीत इतके.

डबा द्यायला कारखान्यात गेलो. लहानपणी फाटकापर्यंत गेलो होतो, आत कधी नाही. आत म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. ओळीने मोठमोठी पाती फिरतायत आणि दगड किंचाळतायत. पत्रा जुना, जागोजागी भोकं. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी सूर्य अशा जागी येतो की त्या भोकांतून उजेडाच्या काठ्या उतरतात, छपरापासून जमिनीपर्यंत. पातं थांबलं की काठ्या विरून जातात. पातं फिरलं, भुकटी उडाली, की परत उभ्या राहतात. उजेड दिसायला धूळ लागते हे मला आज कळलं. एवढी वर्षं कॅमेरा घेऊन फिरतोय आणि आज कळलं!

आणि त्या सगळ्याच्या मधोमध बाबा. कमरेत वाकलेले, केस पांढरे, भुवया पांढऱ्या, सगळा माणूस पिठात घोळल्यासारखा.

बाबांच्या शेजारच्या मशीनवर लंबूकाका असतात. बाबांबरोबरच कामाला लागलेले, खांबाएवढे उंच. "काय फोटोवाले, आमचाही काढा. लग्नाला उपयोगी पडेल."

"लंबूकाका, तुमची नात शाळेत जाते."

"मग तिला सुट्टी असेल तेव्हा धरू मुहूर्त!"

पलीकडे एका मशीनला पाण्याची नळी आहे. तिथे धूळ उडत नाही, नुसता चिखल वाहतो. फोटोला बेकार. बाकीच्यांना नळ्या का नाहीत विचारलं तर लंबूकाका म्हणाले, पाण्याने काम सावकाश होतं, मालकाला घाई असते. मी मनात म्हटलं, बरंच आहे.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

रोज डबा मीच नेतो. आई म्हणते, "एवढा शहाणा कधीपासून झालास?" मी उजेडासाठी जातो हे तिला काय सांगू? पण गंमत म्हणजे बाबांनाही ते आवडत असावं. मी फाटकातून आत शिरलो की मान जराशी ताठ करतात.

अडचण एकच. बाबा तोंडाला ओलं फडकं बांधतात, अगदी डोळ्यांखालपर्यंत. हल्लीच बांधायला लागलेत, आधी नव्हतं म्हणे. त्यामुळे फोटोत माणूस दिसतच नाही, चोर दिसतो. आणि मधूनच खोकला. नेमका मी बटण दाबायला आणि ते वाकून खोकायला. चार वेळा चौकट जमवली, चारही वेळा हलली.

आज शेवटी म्हणालो, "बाबा, फडकं काढा ना. मिनिटभर. चेहरा दिसू दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गाठ सोडली, फडकं खिशात घातलं आणि पातं सुरू केलं. मिनिटभर म्हटलं होतं, पण ढग आला, मग तो सरेपर्यंत थांबलो, मग एक लादी संपली, दुसरी चढवली. तेवढा वेळ त्यांनी फडकं बांधलं नाही. खोकलेही नाहीत, ओठ आवळून धरले होते. आणि मग मिळाला. काठी बरोबर कपाळावर, धूळ सगळी पेटल्यासारखी, आणि बाबा दगडाकडे असे बघतायत जसं माझ्याकडे कधी बघितलं नाही.

आयुष्यातला पहिला फोटो, जो मला परत परत बघावासा वाटतो.

शनिवार, २३ नोव्हेंबर

खटक्याला दाखवला. त्याने चष्मा वर केला, खाली केला, परत वर केला. "हा तू काढलास?" कॅमेरा परत देताना म्हणाला, "आता विकायची गोष्ट काढलीस तर दुकानात घेणार नाही."

परतीच्या वाटेवर कोणी तरी पतंगाएवढा मासा सायकलच्या हँडलला लटकवून चालला होता. त्याच्यामागे भलतीकडेच गेलो. उशिरा घरी. आई ओरडली. ओरडू दे.

सोमवार, २५ नोव्हेंबर

आई म्हणाली, "गुरुवारी बाबांना शहरात फोटोला जायचंय. तू जा बरोबर."

"मी कशाला? माझ्या कॅमेऱ्यात येत नाही ना तसला?"

"जा म्हटलं ना." मग खालच्या आवाजात, "त्यांनी एकट्याने जाऊ नये. मी येते म्हटलं तर नको म्हणतात."

ठीक आहे, जातो. माझा कॅमेराही नेणार. बघू तरी कोण हा मोठ्या मशीनवाला. त्याला तो उजेडाचा फोटो दाखवणार आणि विचारणार, असा येतो का तुझ्याकडे?

गुरुवार, २८ नोव्हेंबर

दोनदा लिहायला घेतलं आणि ठेवलं. आता सरळ जसं झालं तसं लिहितो.

बसमधून उतरलो. बाबा पुढे, मी मागे. ते दवाखान्याच्या आवारात शिरले. मला वाटलं, पलीकडे जायची वाट असेल. आत गेले. मला वाटलं, कोणाला तरी भेटायचंय. लांब पॅसेज, औषधाचा वास, बाक. बाबा बाकावर बसले, मीही बसलो. समोर भिंतीवर बाण होता आणि बाणावर लिहिलं होतं, 'फोटो'. ते वाचूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन मी त्या बाणाकडे बघत होतो.

दारातून एक माणूस डोकावला. "फोटोवाले कोण आहेत?"

मी उठलो.

बाबाही उठले.

"एकाने यायचं. छातीचा कोणाचाय?"

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि सदऱ्याची बटणं काढत आत गेले. दार लागलं. आतून आवाज आला, श्वास घ्या, धरून ठेवा.

सगळं एकदम समजलं असं नाही. एकेक करून आठवत गेलं. कामावर मागितलाय. मध्ये पांढरं आलंय. पैसे परत मागा असं मी म्हणालो होतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, एखाद्या मोठ्या ताईच्या वयाच्या. त्यांनी आधीचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी शेजारी दिव्यावर लावला. बाबांच्या फासळ्या. त्यांच्या आत धुक्यासारखं, वरच्या बाजूला दाट. मी बाबांचा असा फोटो कधी पाहिला नव्हता, आणि डोळे बाजूलाही नेता येईनात.

"काका, कामावर धूळ कितपत असते?"

"फार नसते हो," बाबा म्हणाले. "उघडी शेड आहे. वारा खेळतो."

"पाणी वापरतात कापताना?"

"वापरतात की."

ते खोटं का बोलतायत ते मला कळलं नाही. आत्ता कळतं. नोकरी. पण तेव्हा मला वाटलं, यांना सांगता येत नाहीये, मी मदत करतो. कुठून अवदसा आठवली कोण जाणे. "धूळ आहे," मी म्हणालो. "माझ्याकडे आहे." आणि कॅमेरा काढून तो फोटो त्यांच्यापुढे धरला. आणि खरं सांगायचं तर धरताना मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं की यांनी म्हणावं, वा.

त्यांनी दिव्यावरच्या फोटोकडे पाहिलं, परत माझ्या फोटोकडे.

"कधीचा आहे?"

"मागच्या आठवड्यातला."

"तोंडाला बांधायला सांगितलं होतं ना तुम्हाला? आधीच्या कागदावर तसं लिहिलंय."

बाबा म्हणाले, "बांधतो हो. रोज बांधतो. तेवढ्यात घाम पुसायला काढलं होतं, नेमका याने तेव्हाच काढला." आणि माझ्याकडे बघून हसले, जणू दोघांनी मिळून काहीतरी लबाडी केलीय.

बाईंनी समजावून सांगितलं. दगडाची भुकटी आत बसलीय. ती परत निघत नाही. आणखी जाऊ द्यायची नाही, एवढंच. कारखान्यात आता पाऊल टाकायचं नाही, उद्यापासून नाही, आजपासून. त्यांनी तसं लिहूनही दिलं.

बसमध्ये बाबांना खिडकी दिली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "फडक्याचं आईला सांगू नकोस."

रविवार, १ डिसेंबर

काढला नाही. कारण

सोमवार, २ डिसेंबर

कॅमेरा खटक्याच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, घ्या. त्याला ऐकू आलं नाही की त्याने ऐकलं नाही, माहीत नाही. उचलून कानाला लावला, बटण दाबलं आणि तोंड वाकडं केलं. "हा कुठे नेला होतास रे?"

त्याने भिंग काढलं, बोट फिरवलं, बोट मला दाखवलं. पांढरं.

"दगडाची आहे. आत घासतेय. दहा-बारा दिवसांत हे हाल, आणखी नेलास तर कामातून जाईल."

मी भिंतीला टेकलो. एवढंच विचारलं, "साफ होईल?"

"होईल की," खटका म्हणाला. "हा उघडता येतो."

त्याला बाबांचं काहीच माहीत नाही. ब्रश घेऊन बसला आणि फुंकर मारत मारत एकेक कण काढायला लागला. माझ्याने बघवलं नाही. कॅमेरा तिथेच टाकून निघून आलो.

गुरुवार, ५ डिसेंबर

बाबा घरी. सकाळी नेहमीच्या वेळेला उठतात, बूट घालतात आणि पायरीवर बसतात. आई सांगते, बूट तरी काढा. ते म्हणतात, राहू दे, सवय आहे.

आईशी भांडलो. म्हणालो, मला सांगितलं का नाही? महिनाभर मला मूर्खासारखं फिरू दिलंत. मी काय परका होतो?

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही. "सांगितलं असतं तर राहिला असतास?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय ते तुला माहीत. घरात काही झालं की तुझा पाय निघतो. आजोबा आजारी पडले तेव्हा तू कुठे होतास? तुझे बाबा म्हणाले, फोटोचं खूळ लागलंय त्याला, रोज डबा घेऊन येतो, येऊ दे. कळलं की जाईल." मग बाबांचा सदरा हातात घेऊन झटकत राहिली, सदरा स्वच्छ होता तरी. "तू यायचास म्हणून ते शेवटचे पंधरा दिवस जास्तच गेले कामावर. डॉक्टरने तर आधीच सांगितलं होतं बसा म्हणून."

मी चप्पल घालून बाहेर पडलो.

दुपारी उस्तादचा फोन आला. मी ज्याच्या ट्रकवर होतो तो ड्रायव्हर. समुद्राकडे माल चाललाय, क्लीनर पळालाय, सोमवारी सकाळी नाक्यावर ये. मी हो म्हणालो. म्हणजे तोंडातून हो निघून गेलं.

रविवार, ८ डिसेंबर

पिशवी भरली. फार काही नाहीच. ती पलंगाखाली सरकवली, पण बंद बाहेर राहिला असावा, कारण बाबा खोलीत आले आणि पलंगाकडे बघून परत दाराकडे वळले. दारातून म्हणाले, "खटका येऊन गेला. कॅमेरा देऊन गेला तुझा. साफ केलाय म्हणे. भला माणूस आहे, पण किती ओरडतो."

"हो."

"तो दाखव ना. बाईंना दाखवलास तो. मी बघितलाच नाही."

मला तो उघडायचा नव्हता. पण ते पलंगावर येऊन बसलेच. बारीक पडद्यावर त्यांना दिसेना, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. श्वास घेताना त्यांच्या छातीत आवाज येतो, तो इतक्या जवळून मी पहिल्यांदा ऐकला.

"हा मी?"

"हो."

"एवढी वर्षं आत होतो रे. असं असतं ते मला कधी दिसलं नाही." बोट पडद्यावरून हळूहळू नेलं, उजेड जिथून उतरतो तिथून खालपर्यंत. "देवळात असतं तसं आहे."

"पुसून टाकतो," मी म्हणालो. "बाबा, मी तुम्हाला फडकं..."

"पुसतोस कशाला? चांगला काढलायस." मग कॅमेरा माझ्या हातात ठेवला. "मोठा करून आण. लंबूला द्यायचाय. त्याला सांगून कळत नाही, दाखवावं लागतं."

सोमवार, ९ डिसेंबर

नाक्यावर गेलो नाही. उस्तादचे तीन फोन आले, उचलले नाहीत. चौथा उचलला आणि शिव्या ऐकून घेतल्या. गाडी आता बरीच लांब गेली असेल.

पाय शिवशिवतायत, नाही असं नाही. पिशवी रिकामी केली तेवढ्याने काही पुण्यवान झालो नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

मोठा केलेला फोटो काल मिळाला. सुट्टीच्या वेळेला आम्ही दोघं कारखान्याशी गेलो. बाबा फाटकाबाहेरच थांबले. आत मशीनं बंद होत होती. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "तिसऱ्याचं पातं बदलायला झालंय."

लंबूकाका डबा घेऊन बाहेर आले. "आला का माझ्या लग्नाचा फोटो?" त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. "अरे वा! काय उजेड आहे! हे आपलंच खोपटं? लेका, स्वर्ग केलास की!"

बाबांनी फोटोवर बोट ठेवलं.

लंबूकाकांनी परत पाहिलं. मग आणखी जवळ धरून. "हे पांढरं... हे सगळं आपण..."

"हो," बाबा म्हणाले.

"रोज?"

"रोज."

लंबूकाकांनी पुढे थट्टा केली नाही. आणखी दोघंतिघं जमले, फोटो हातोहात फिरला, जो तो आधी उजेड बघत होता आणि मग गप्प होत होता. मालकाने विचारलं काय गर्दी आहे. लंबूकाका म्हणाले, सगळ्या मशीनला नळ्या पाहिजेत. मालक म्हणाला, बघू पुढच्या महिन्यात. लंबूकाका म्हणाले, "मग आम्हीही पुढच्या महिन्यात बघू," आणि डबा उघडून फाटकाबाहेर बाबांशेजारी बसले. बाकीचेही बसले. सुट्टी संपल्याची घंटा झाली, कोणी उठलं नाही. शेवटी मालकाने अंगणातली बागेची नळी आत ओढून दिली, तात्पुरती म्हणून.

बाबांना घरी येताना दोनदा थांबावं लागलं. मी थांबायचं कारण म्हणून कॅमेऱ्याशी खेळत होतो. एकदा कुंपणाचा काढला, एकदा गटाराच्या झाकणाचा. दोन्ही बरे नाहीत. पण काढले.

शुक्रवार, २० डिसेंबर

रोज निघतो दोघं. फार लांब नाही, पाण्याच्या टाकीपर्यंत. बाबा रस्त्यातले दगड ओळखतात, कुठली पायरी त्यांनी कापली ते सांगतात. मी मधेच कुठेतरी भरकटतो, परत येतो, ते तिथेच टेकलेले असतात. काही दिवस काढतो, काही दिवस काढावंसं वाटत नाही. वाटत नाही म्हणून हल्ली घाबरत नाही एवढंच.

आज निघतानाच बाबा म्हणाले, "माझा एक नीट काढ. कामाचा नको. नुसता." दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. आई दारातून बघत होती, तिने कॉलर तेवढी सारखी केली.

टाकीच्या कट्ट्यावर बसवलं. पण चढ चढून आले होते, श्वास लागला होता. मी म्हटलं, आधी बसा जरा, घाई नाही. मग एक कुत्रं आलं, त्यात माझा वेळ गेला. मग बाबा लंबूकाकांचा एक किस्सा सांगायला लागले, तो संपेना, आणि मला तो संपवावासा वाटेना. कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा उजेड टाकीमागे गेला होता. चेहऱ्यावर नुसती सावली.

कसाबसा काढता आला असता. पण नको वाटलं.

"राहू दे, बाबा. उजेड गेला. उद्या काढू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईसारखंच बघतात ते कधीकधी.

"उद्या आहेस?"

"आहे."

बाबांनी गालावरून हात फिरवला. "म्हणजे उद्या परत दाढी," ते म्हणाले, आणि उठायला माझ्याकडे हात पुढे केला.